वरीलप्रमाणे

पंचावन्नाव्या वर्षी मावशी कॉलेजात जायला लागल्या हे ऐकून शववाहिनीचा ड्रायव्हर एवढा हसला, की हातातला अर्धा चहा त्याच्याच पँटवर सांडला. "ताई, आता दप्तर घ्या, डबा घ्या. आणि नापास झालात तर पालकांची सही आणायला लागेल!" मावशी म्हणाल्या, "हस बाबा, हस. पुढच्या खेपेला तुझाच नंबर आहे. गाडीलाही कॉम्प्युटर बसवतायत म्हणे." त्यावर त्याचं हसू जागच्या जागी आटलं आणि तो पँट पुसत बसला.

मावशी म्हणजे अख्ख्या दवाखान्याच्या मावशी. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला चिकटून जे शवागार आहे, तिथल्या नोंदीच्या टेबलावर त्या सव्वीस वर्षं बसत होत्या. नवरा तिथेच मदतनीस होता. तो गेला, त्याच्या जागी ह्या लागल्या. सुरुवातीला हातात फडकं आणि बादलीच दिली होती, पण एकदा कपाटावर चिकटवायची चिठ्ठी ह्यांनी लिहिली, तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी अक्षर पाहिलं आणि रजिस्टर ह्यांच्या पुढ्यात सरकवलं. तेव्हापासून ते लाल कापडी पाठीचं लांबलचक रजिस्टर आणि मावशी, दोघांना कुणी वेगळं पाहिलं नाही.

शवागारात ज्याचं नाव-गाव ठाऊक आहे त्याच्या नोंदीला अक्कल लागत नाही. नाव लिहायचं, सही घ्यायची, सोपवायचं. खरं काम बेवारसांचं. रस्त्यावर, पाण्यात, रुळाकडेला सापडलेली माणसं. त्यांचं कुणीतरी कुठेतरी असतं, आणि ते शोधत येईल तेव्हा रजिस्टरातल्या दोन ओळींखेरीज त्याच्या हाती काही नसतं. म्हणून मावशी दोन ओळींवर भागवत नसत. डाव्या अंगठ्याचं नख काळं. सदऱ्याचं तिसरं बटण वेगळं, हिरव्या दोऱ्यानं टाचलेलं. खिशात पेन्सिलीचा तुकडा, दोन्हीकडून टोक काढलेला. नवीन आलेले डॉक्टर वैतागायचे. "मावशी, कादंबरी लिहिताय का?" मावशी मान वर न करता म्हणायच्या, "साहेब, आईला बटण ओळखू येतं. तुमचं 'मध्यम बांधा' कुणाच्या आईला ओळखू येणार?"

ह्याला कारण होतं, आणि ते त्यांनी फारसं कुणाला सांगितलेलं नव्हतं. मावशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे वडील सायकलचं पंक्चर काढून आणतो म्हणून घराबाहेर पडले ते परतले नाहीत. आईनं दवाखाने पालथे घातले. एका दवाखान्यात कारकुनानं रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, "पुरुष. वय अंदाजे पन्नास. बेवारस." बस, एवढंच. माणूस केव्हाच मातीआड झालेला. आईनं त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण हो?" कारकून म्हणाला, "जे लिहिलंय ते लिहिलंय, बाई." ते वडील असतील, नसतीलही. आई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली आणि त्या एकोणीस वर्षांत तिनं घर बदलू दिलं नाही, कारण तो आला तर कुठे शोधेल? धड रडताही आलं नाही तिला. मावशींनी ते सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. आपल्या रजिस्टरातून कुणाच्याही आईवर ती पाळी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं केलं होतं. तशी पाळी सव्वीस वर्षांत आलीही नव्हती.

आणखी एक नियम त्यांनीच घालून दिलेला. शवागारात बारा खण. पूर्वी कुणी शोधायला आलं की मदतनीस धाडधाड एकेक खण उघडून दाखवायचा. एकदा एक म्हातारी पाचव्या खणापाशी कोसळली, आणि तिचा माणूस त्या बारांत नव्हताच. त्या दिवसापासून मावशींनी ठरवलं, आधी विचारायचं, नोंदीशी ताडायचं, आणि नोंद जुळली तरच तो एक खण उघडायचा. लोकांना नको ते दाखवायचं नाही. दवाखान्याच्या साहेबांना हे पटलं आणि त्यांनी तसा कागद टाइप करून भिंतीवर लावला.

तर अशा ह्या मावशींना एक दिवस साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस वाईट नाही, पण बोलताना समोरच्याकडे न बघता फाइलीकडे बघायची त्यांना खोड. "मावशी, एक तारखेपासून रजिस्टर बंद. नोंद कॉम्प्युटरवर. वरूनच आदेश आहे. वस्तीतल्या त्या सामुदायिक महाविद्यालयात प्राथमिक संगणकाचा वर्ग असतो, संध्याकाळी पाच ते सात, दोन महिने. प्रमाणपत्र आणलंत तर टेबल तुमचं."

"आणि नाही आणलं तर?"

"तर धुलाईखाना. इथे एजन्सीच्या बाई बसतील."

एजन्सीच्या बाई ओपीडीच्या खिडकीवर होत्याच. नमुना म्हणून त्यांनी एक नोंद मावशींसमोर करून दाखवली. सहा सेकंद लागले असतील. बोटं काय, पाऊस पडल्यासारखी पडली. मावशींनी चष्मा पुसून पडद्यावर वाचलं, "पु. अं. ५०. म. बांधा." धुलाईखान्यात जायला त्यांना लाज नव्हती, चादरी पिळायला काय, हात धड होते. पण ह्या बाई इथे बसल्या तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला अशीच ओळ मिळणार. त्याच दिवशी संध्याकाळी मावशींनी कॉलेजात नाव घातलं.

कॉलेज म्हणजे नावाचं कॉलेज. दुमजली इमारत, खाली सुतारकामाची कार्यशाळा, वर कॉम्प्युटरची खोली. खालचं करवतीचं यंत्र सुरू झालं की वरची टेबलं थरथरायची आणि मॅडमना ओरडून शिकवावं लागायचं. सोळा कॉम्प्युटर, त्यांतले तीन मेलेले. मॅडम म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोर, आवाज बसलेला, पण चिडणं माहीत नाही. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, "माउस टेबलावर फिरवा." मावशींनी फिरवला, टेबलाची कड आली, बाण पडद्याच्या मध्यावरच. आता पुढे कसं जायचं? त्यांनी आपलं टेबलच पुढे ओढलं. सगळा वर्ग खो खो हसला. मॅडमनं येऊन हलकेच त्यांचा हात धरला, माउस उचलून परत मधोमध ठेवला आणि म्हणाली, "उचलून ठेवलात तरी बाण जागचा हलत नाही, मावशी. तो तुमची वाट बघत थांबतो."

शेजारच्या खुर्चीवर निवृत्त पोस्टमनदादा. त्यांनी आयुष्यभर पत्रांवर शिक्के मारलेले, तेव्हा ते कीबोर्डची कळही शिक्क्यासारखीच हाणायचे आणि पडद्यावर 'क' ऐवजी अकरा 'क' उमटायचे. "बघा बाई, एक मागितला तर डझनभर देतो. सरकारी खात्यात असं कधी पाहिलंत?" मावशी हसायच्या, पण आतून त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. लिहिण्यात ज्यांचा हात कुणी धरला नाही त्यांना आता 'प्रेत' हा एक शब्द उमटवायला चार मिनिटं लागत होती. त्यातलं जोडाक्षर काही केल्या जुळायचं नाही. प वेगळा पडायचा, र वेगळा पडायचा. घरी लेकीनं पुठ्ठ्यावर कळा आखून दिल्या होत्या. भाजी शिजेपर्यंत त्या पुठ्ठ्यावर बोटं आपटत बसायच्या. लेक म्हणाली, "आई, पुठ्ठ्यावर तरी चुकू नकोस." त्या म्हणाल्या, "पुठ्ठ्यावरच बरोबर येतं गं. तो वीजवाला मला पाहिलं की बिथरतो."

एक तारीख उजाडली. साहेबांनी रजिस्टरच्या शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारली, सही केली आणि ते कपाटात टाकून कुलूप लावलं. टेबलावर कॉम्प्युटर आला. कॅमेराही येणार होता, म्हणजे प्रत्येकाचा फोटो नोंदीला जोडला जाईल, पण तो काही आला नाही. विचारलं की "मागणी गेली आहे" एवढं उत्तर मिळायचं. पडद्यावर एक तक्ता होता. आडव्या ओळीत एक माणूस, उभ्या रकान्यांत वय, उंची, कपडे, खुणा, जवळच्या वस्तू, कुठून आला. रकाने लहान होते, पण मावशी हटल्या नाहीत. एका माणसाला पाऊण तास लागला तर लागला. मदतनीस बाहेर उभा राहून बोटं मोडायचा, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, मावशी दोन बोटांनी टकटक करत नख, बटण, ठिगळ सगळं घालायच्या. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. तरी घालायच्या.

वर्गाच्या सातव्या आठवड्यातला बुधवार होता. दुपारी मोठ्या रस्त्याच्या वळणावर वाळूचा ट्रक उलटला. मागे वाळूवर बसलेला एक मजूर जागीच गेला, दुसऱ्याला कुणीतरी टेम्पोत घालून अपघात विभागात पोचवलं. ट्रकचा चालक पळाला, मुकादमाचा पत्ता नाही, मजूर सकाळी नाक्यावरून उचललेले, नावं कुणाला ठाऊक नाहीत. जागी गेलेला साडेतीनला खाली आला. मावशींनी त्याचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसला, वाळू काढली, आणि लिहायला बसल्या. पुरुष, अंदाजे अठ्ठावीस. नारिंगी जाकीट, पाठीवर दोन पांढरे पट्टे, डावी बाही उसवलेली. काळे गमबूट, उजव्यात कागदाची घडी घातलेली. वरच्या ओठावर जुना व्रण. वाळूचा ट्रक, वळणाखाली. हे सगळं उमटेस्तोवर सव्वाचार झाले.

तेवढ्यात वरून दुसरा आला. टेम्पोतून आणलेला तो. अपघात विभागात तासभर होता, मग गेला. सोबतच्या चिठ्ठीवर तीनच शब्द, "अनोळखी, ट्रक अपघात."

मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला वर्ग. त्यांच्या दोन गैरहजेऱ्या आधीच झालेल्या, दोन्ही ह्या टेबलापायी. तिसरी झाली की परीक्षेला बसू देत नाहीत, हे मॅडमनं स्वतः रडकुंडीला येऊन सांगितलं होतं, "माझ्या हातात नाही हो मावशी." कॉलेज चालत पस्तीस मिनिटांवर. त्यांनी पायाकडून चादर उचलली. काळे गमबूट. छातीपर्यंत वर सारली. नारिंगी जाकीट, पांढरे पट्टे. तेच सगळं. तोंडावर वाळूचा थर तसाच होता, मदतनीस फडकं भिजवायला गेला होता आणि तो येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. त्यांनी चादर खाली सोडली.

आता रजिस्टराची एक सवय असते. सारखं आलं की खाली 'वरीलप्रमाणे' लिहायचं. तारीख वरीलप्रमाणे, चौकी वरीलप्रमाणे. प्रत्येक सरकारी टेबलावर हेच चालतं, मावशींच्याही हाताला ते वळण होतं. फक्त माणसाच्या वर्णनात त्यांनी हा शब्द सव्वीस वर्षांत कधी घातला नव्हता. त्या दिवशी घातला. पुरुष, अंदाजे वीस. कपडे, वरीलप्रमाणे. खुणा, वरीलप्रमाणे. कुठून आला, वरीलप्रमाणे. तो शब्द मात्र त्यांना झरझर यायचा, वर्गात सरावाला तोच असायचा. उद्या सकाळी नीट लिहू, असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि जवळजवळ पळतच निघाल्या.

सकाळी आल्या तर दारात चार प्रेतं रांगेत. भिंत कोसळली होती कुठे तरी. त्यानंतर 'उद्या' काही उजाडला नाही. खोटं कशाला बोलायचं, दोन दिवसांनी तर त्या ते विसरूनच गेल्या.

आठव्या आठवड्यात मॅडमनं क्रमवारी शिकवली. एक कळ दाबली की सगळा तक्ता वयाप्रमाणे लागतो, उंचीप्रमाणे लागतो. शंभर नावं असोत नाही तर हजार. मावशी बघतच राहिल्या. रजिस्टरात वीस वर्षांच्या पोराला शोधायचं तर पान-पान उलटायला लागायचं आणि समोर आई उभी असायची, पदर तोंडात धरून. आणि हे एका टिचकीत! "अगं मॅडम, हे आधी नाही का शिकवायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिलं काम तेच केलं. बेवारसांची सगळी यादी वयाप्रमाणे लावली, लहान वर, थोर खाली. ओळी सळसळत जागा बदलून बसल्या. मावशींनी ड्रायव्हरला हाक मारून दाखवलं. "बघ रे, ह्याला म्हणतात काम." ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आता तुम्ही साहेबांच्या खुर्चीत बसणार." त्या दोन महिन्यांत मावशी पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या.

परीक्षा त्याच आठवड्यात शनिवारी होती, सकाळी दहाला. त्या दिवसापुरतं टेबल एजन्सीच्या बाईंकडे दिलं होतं. मावशींनी जाताना बजावलं, "नोंद जुळली तरच खण उघडायचा हं." बाई म्हणाल्या, "हो हो, भिंतीवर आहे की." परीक्षेत पत्र टाइप करायचं होतं, तक्ता करायचा होता आणि तो क्रमानं लावायचा होता. मावशींनी तक्ता सगळ्यांत आधी लावला. पोस्टमनदादांनी लांबून अंगठा दाखवला. दुपारी त्या परत आल्या तेव्हा बाई पर्स आवरत होत्या. "ट्रकवाल्याला नेलं हो मावशी. बाप आला होता." मावशी म्हणाल्या, "चला, एक तरी घरी पोचला," आणि पेपर कसा गेला ते सांगत बसल्या. दुसऱ्याचं काय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ट्रकमधले दोन मजूर, कोण कुठले, एकाचा बाप आला, दुसऱ्याचा येईल.

बेवारसाला पंधरा दिवस ठेवतात. बारा खण, त्याहून जास्त ठेवणार कुठे? पंधरा दिवस भरले, दुसऱ्यासाठी कुणी आलं नाही. मावशींनी कागदावर सही केली, ड्रायव्हरनं गाडी काढली, आणि गावाबाहेरच्या जमिनीत त्याला क्रमांकानिशी मातीत ठेवलं. त्याच आठवड्यात निकाल लागला. शंभरपैकी एक्क्याऐंशी. साहेबांनी पहिल्यांदा फाइलीवरून नजर उचलून मावशींकडे पाहिलं आणि म्हणाले, "टेबल तुमचं." लेकीनं प्रमाणपत्राला प्लॅस्टिक चढवून आणलं.

महिना झाला असेल. सकाळी अकराचा सुमार. दारात साठीतला एक माणूस येऊन उभा राहिला. धुतलेला सदरा, हातात पिशवी, चालून चालून पायांना भेगा पडलेल्या. शवागाराच्या दारात माणसं कशी उभी राहतात ते मावशींना पाठ होतं, पण ह्याचा चेहरा तसा नव्हता. दमलेला होता, आणि तरी त्यावर एक प्रकारची उमेद होती.

"बाई, मागे आलो होतो मी. ट्रकच्या वेळी. तेव्हा दुसऱ्या बाई होत्या."

"बसा भाऊ. काय झालं?"

"थोरल्याला नेला मी इथून. ओठावर खूण होती त्याच्या, लहानपणी पडला होता. त्याचं सगळं नीट झालं." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "धाकट्याचं विचारायला आलोय. दोघं एकाच ट्रकवर होते. पोलीस म्हणाले, एक जागीच गेला, एकाला टेम्पोतून दवाखान्यात नेलं. वर विचारलं तर ते म्हणाले, वॉर्डात नाही, खाली विचारा. खाली त्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. ट्रकचा एकच आहे म्हणाल्या. म्हणजे वाचला ना तो! त्याच म्हणाल्या, दुसरीकडे हलवला असेल, दवाखाने बघा. चौदा दवाखाने झाले, बाई. डोक्याला मार लागला असेल, स्वतःचं नाव आठवत नसेल, असंही होतं म्हणतात. होतं ना?"

मावशींनी खुर्ची पडद्याकडे सरकवली.

"लोक सांगतात तुम्ही शिकून आलाय ह्यातलं. तुमच्या ह्याच्यात सगळ्या दवाखान्यांचं दिसतं का? एकदा बघा ना. त्याची आई थोरल्यासाठी अजून नीट रडलीसुद्धा नाही. म्हणते, आधी धाकट्याला आणा, मग रडू."

मावशींचा हात माउसवर होता. यादी समोरच होती, वयाप्रमाणे लावलेली, त्यांनीच लावलेली. सोपवलेल्या आणि मातीत ठेवलेल्या नोंदीही तिच्यात असायच्या, शेवटी शेरा मारून. त्यांनी 'ट्रक' शब्द शोधला. एक ओळ उजळली. अठ्ठावीस, नारिंगी जाकीट, ओठावर व्रण, बापाच्या ताब्यात. मग त्या यादीत वर गेल्या, विसाच्या आसपास. तिथे एकोणीस वर्षांचा एक जण होता, निळा सदरा, अनवाणी, नदीकाठी सापडलेला. त्याच्या लगेच खाली एक ओळ होती. पुरुष, अंदाजे वीस. कपडे, वरीलप्रमाणे. खुणा, वरीलप्रमाणे. कुठून आला, वरीलप्रमाणे.

त्या बाईंनी ही ओळ वाचली असणार. वाचून काय समजल्या असतील? निळा सदरा, नदीकाठ. जे लिहिलं होतं तेच समजल्या. आणि नोंद जुळली नाही म्हणून खण उघडला नाही. थोरल्याला ज्या खणातून काढलं त्याच्यापासून तिसऱ्या खणात धाकटा होता. बाप तिथे उभा राहून सही करत होता.

सांगितलं नसतं तर कुणाला काही कळलं नसतं. "दिसत नाही भाऊ, शोधत राहा," एवढं म्हणायचा अवकाश. प्रमाणपत्र कपाटात, टेबल हातात, आणि हा माणूस उमेद घेऊन पंधराव्या दवाखान्याकडे निघाला असता. हा विचार मावशींच्या मनात आला, नाही असं नाही. आला आणि त्यांना स्वतःची किळस आली. शोधत राहणं म्हणजे काय असतं ते ह्या जगात आणखी कुणाला नसेल ठाऊक, त्यांना ठाऊक होतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "धाकटा इथेच होता."

त्याला कळलंच नाही. "वॉर्डात?"

"इथे. खाली. टेम्पोतून आणला, तासाभरानं गेला. त्याच दिवशी. मी त्याची नोंद नीट केली नाही. वरच्यासारखंच सगळं, असं लिहून मोकळी झाले आणि मग यादी हलवली. म्हणून त्या बाईंना सापडला नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे. तुम्ही आलात तेव्हा तो इथे होता. पंधरा दिवस होता. मग आम्ही त्याला मातीत ठेवला."

तो माणूस ओरडेल, टेबल उलथवेल, निदान एक शिवी तरी हासडेल, असं मावशींना वाटलं. त्यांना ते हवंही होतं. त्यानं पिशवी मात्र हळूच जमिनीवर ठेवली आणि भिंतीला धरून बाकावर बसला. दारातून ड्रायव्हर आत डोकावला, मावशींचा चेहरा पाहून तसाच मागे फिरला.

"एकोणीसचा होता," तो शेवटी म्हणाला. "वीस नव्हता."

मावशींनी मान हलवली.

"थोरल्यासारखाच दिसतो अगदी. लोक जुळे म्हणायचे. तुम्हाला कळलं नाही होय?"

"नाही कळलं, भाऊ."

"थोरल्याचा चेहरा शांत होता. मी घरी जाऊन तिला तेच सांगितलं. झोपल्यासारखा होता म्हटलं. तेवढ्यावर ती गप्प झाली." त्यानं वर बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त मागणं होतं. "धाकट्याचा कसा होता? तेवढं सांगा. आता घरी जाऊन तिला काहीतरी सांगायला लागेल ना. तोंडावर लागलं होतं का त्याच्या? डोळे मिटलेले होते का? तुम्ही बघितलं असेल की."

मावशींनी तोंड उघडलं. शांत होता, म्हणायला काय जात होतं! सव्वीस वर्षांत एवढे चेहरे पाहिले, त्यातला एखादा उचलून द्यायला काय जड होतं? जिभेवर आलेला शब्द त्यांनी गिळला. त्यांना गमबूट आठवत होते, जाकिटाचे पट्टे आठवत होते, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आठवत होता.

"भाऊ, मी त्याचं तोंड बघितलं नाही," मावशी म्हणाल्या. "मला वर्गाला उशीर होत होता."